हजारात आठ

माझे वडील आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि पोरं त्यांना ‘सरासरी सर’ म्हणायची. बाबांना ते मुळीच आवडायचं नाही. चिडवतात म्हणून नव्हे, चुकीचं चिडवतात म्हणून. “सरासरी काय, कुणीही काढतं,” ते म्हणायचे. “सरासरीपासून किती लांब आहे, ते विचारा.”

माझं चपला-बुटांचं दुकान आहे. दुकान नवीन टाकलं तेव्हा एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलून मी अकरा नंबरचे दहा जोड उचलले, स्वस्तात मिळत होते म्हणून. बाबा स्टुलावर बसले आणि खोक्याच्या झाकणावर त्यांनी गणित मांडलं. आपल्याकडे येणाऱ्या पुरुषांच्या पायाची सरासरी आठ नंबर. विचलन दीड नंबर, म्हणजे माणसं त्या आठच्या अलीकडे-पलीकडे साधारण दीड नंबरानं पसरलेली. अकरातून आठ गेले तीन, तीनला दीडने भागलं, आले दोन. “हा दोन म्हणजे झेड. आता कोष्टकात बघायचं की दोनच्या पलीकडे किती जण उरतात.” कोष्टक त्यांनी माझ्यासमोर कधीच उघडलं नाही, ते सगळं डोक्यात होतं. “शंभरात सव्वादोन. आणि तू आणलेस दहा. बाकीचे कुणाच्या पायात घालणार आहेस, हत्तीच्या?”

मी काय ऐकून घेणार! म्हटलं, उद्या एखादा राक्षस आला दुकानात तर? ते म्हणाले, “येईल ना. येणारच नाही असं कोष्टक कधीच म्हणत नाही. कितींत एक येईल, एवढंच सांगतं.” त्यातले सहा जोड अजून माळ्यावर धूळ खात पडलेत.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नापास हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सगळ्या वर्गाकडून उत्तरं सूर लावून घोटून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मठ्ठातलं मठ्ठ पोरही पास. “तुझ्या वर्गाचं विचलन शून्य आहे,” बाबा तिला चिडवायचे. “आणि शून्याने भागता येत नाही, बाई.” आई म्हणायची, “माझी पोरं घरी जाऊन मार खात नाहीत, तेवढं मला पुरे.”

बाबांचं नेमकं उलटं. निकालाआधी कॉलेज सगळे मार्क त्यांच्याकडे पाठवायचं, कॉपी शोधायला. ते प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाचा झेड काढत. एखादा सगळीकडे तळाला आणि एकाच पेपरात आभाळाला टेकलेला दिसला की त्यावर गोल करायचे आणि त्याला बोलावून घ्यायचे. ओरडायचे नाहीत. “हुशारी एकाच खोलीत राहत नाही रे,” एवढंच म्हणायचे, आणि पोरगा आपोआप सगळं ओकायचा. त्यांच्या सख्ख्या भाच्याचा पेपर त्यांनी असाच पकडला होता. आत्या त्यानंतर किती तरी वर्षं आमच्याशी बोलली नाही. बाबांना वाईट वाटायचं, पण गोल काही त्यांनी पुसला नाही.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

माझ्या मुलीला आम्ही खारू म्हणतो. सारखं काहीतरी कुरतडत असते. ती शाळेत जायला लागल्यापासून तिला दुपारी घरी आणायचं काम बाबांचं. नवरा फिरतीच्या नोकरीत, मी दुकानात अडकलेली, आणि बाबांची जुनी गाडी होतीच. शाळा सुटायच्या वेळेला ते शर्ट बदलायचे, केस नीट करायचे. आई म्हणायची, “बघा, निघाली स्वारी.” निवृत्त झाल्यापासून त्या माणसाचा दिवस त्या एका फेरीभोवती फिरत होता. खारू गाडीत बसली की तिच्याशी पैजा लावायचे, पुढचा सिग्नल लाल असेल की हिरवा. हरले की तिला शेंगदाणे.

एके दिवशी शाळेतून मला फोन आला. सगळी मुलं गेली, तुमची एकटीच राहिलीय, पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसून रडतेय. गिऱ्हाईक तसंच एका बुटावर उभं सोडून मी धावले. खारूला घेतलं आणि बाबांना फोनवर फोन लावत राहिले. शेवटी त्यांनी उचलला. म्हणाले, “अगं, मी केव्हाचा फाटकाशी उभा आहे. आज उशीर का करतायत हे लोक?” मी विचारलं, कुठल्या फाटकाशी? त्यांनी सांगितलं. ती माझी शाळा होती. मी लहान असताना ज्या फाटकाशी ते मला घ्यायला उभे राहायचे, तिथे ते माझीच वाट बघत उभे होते.

त्या रात्री मी सरळ सांगून टाकलं. मी तोंडाची फटकळ आहे, मला गोड बोलून कडू पाजता येत नाही. म्हटलं, “बाबा, तपासणी होईपर्यंत खारूला तुमच्या गाडीत बसवणार नाही.” आई माझ्या अंगावर आली. एकदा चुकलं माणूस, वयच आहे, तू काय कधी विसरत नाहीस का. “झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला दवाखाने दाखवायचेत?” बाबांनीच तिला थांबवलं. “ती बरोबर बोलतेय. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मला वाटतं मी ठीक आहे, तिला वाटतं मी नाही. दोघांच्या वाटण्याला किंमत नाही. मोजू.”

असे माझे बाबा.

स्मृती तपासायच्या दवाखान्यात पहिल्यांदा आई त्यांच्याबरोबर गेली. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत, वयाने माझ्याहूनही लहान, बोलायला शांत. त्या पंधरा शब्द वाचून दाखवतात, पुन्हा पुन्हा. मग दुसऱ्या कसोट्या होतात, चित्र बघून काढायचं, वस्तूंची नावं सांगायची, आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून जोडायची. आणि मग अर्ध्या तासाने अचानक विचारतात, मघाचे शब्द सांगा. पण त्या दिवशी गाडी तिथवर गेलीच नाही. शब्द वाचून झाले आणि बाबा खुर्चीतून उठले. “माझा तास आहे,” म्हणाले आणि चालू पडले. आई मागच्या खुर्चीत बसली होती, ती धावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असू दे, थकलेत, पुढच्या आठवड्यात पहिल्यापासून करू.

त्या आठवड्यात बाबा रोज दुकानात येऊन बसायचे. आई-बाबा वरच्याच मजल्यावर राहतात. उघडे पडलेले जोड खोक्यात भरायचं काम मी त्यांना दिलं होतं, डावा-उजवा जुळवून. हात चालायचे आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायचे. एकदा मी कान दिला.

“पूल, साबण, विहीर, टोपी...”

“काही आणायचंय का, बाबा?”

“कुठून?”

“साबण म्हणालात ना.”

“मी?” त्यांच्या चेहऱ्यावर इतकं खरंखुरं आश्चर्य होतं की मीच ओशाळले. एक गिऱ्हाईक आलं आणि मी ते विसरूनही गेले.

दुसऱ्या वेळी मी दुकान बंद ठेवून सोबत गेले. कसोट्यांच्या वेळी आम्ही मायलेकी बाहेर बसलो होतो. आई कधी नव्हे ती गप्प. मी म्हटलं, भीती वाटतेय ना? ती म्हणाली, “होईल गं सगळं नीट. तयारी चांगली झालीय.” मला वाटलं, मनाची तयारी.

मग आत बोलावलं. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, कुंडीत एक रोप. भिंतीवर घड्याळ नव्हतं, नुसता खिळा होता. वेळ विचारतात ना, म्हणून काढून ठेवत असणार. डॉक्टरीणबाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, “सर, मुख्य तक्रार विसरण्याची होती, आणि त्यातच तुम्ही कमाल केलीत. पंधरापैकी चौदा शब्द! बाकी ठिकाणी थोडं कमी आहे, पण चारही कसोट्यांची सरासरी उणे एकच्या आत येते. आम्ही उणे दीडच्या खाली गेलं की काळजी करतो. गाडी चालवायला हरकत दिसत नाही. वर्षभराने या.”

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मला विश्वास ठेवायचा होता. आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, की बघ, उगाच म्हाताऱ्याला छळलंस. त्या रात्री काढून घेतलेली गाडीची किल्ली मी पर्समधून काढली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली. मग टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला.

“सरासरी कोणी काढायला सांगितली होती?” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, थट्टा आहे. त्या हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि बोट एकेका ओळीवरून सरकवलं. मला एकदम त्यांचं जुनं टेबल आठवलं, निकालाच्या दिवसांतलं.

“माझ्या वयाच्या, माझ्याइतक्या शिकलेल्या माणसांची शब्दांची सरासरी आठ. विचलन अडीच. मिळाले चौदा. चौदातून आठ गेले सहा, सहाला अडीचने भागा. दोन पूर्णांक चार. म्हणजे याच्या वर हजारात आठ माणसं.” बोट खाली आलं. “चित्र, उणे दोन पूर्णांक एक. वस्तूंची नावं, उणे एक पूर्णांक नऊ. जोडाजोडी, उणे दोन पूर्णांक तीन. इथे हा उमेदवार शंभरातल्या शेवटच्या दोघातिघांत बसतो. तिन्ही ठिकाणी.” ते माझ्याकडे वळले. “एका पायात पाच नंबर आणि दुसऱ्या पायात अकरा नंबर घाल. सरासरी आठ. चालून दाखव.”

त्यांनी बोट परत शब्दांच्या ओळीवर नेलं.

“पेपर फुटलाय,” बाबा म्हणाले.

“कुठला पेपर, सर?”

“हाच. या उमेदवाराला शब्द आधीच मिळालेले होते.”

“सर,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “हे तुमचेच मार्क आहेत.”

“कुणाचे आहेत ते राहू द्या. नाव बघून पेपर तपासायचा नसतो. हजारात आठ असतात, मी नाही म्हणत नाही. पण हुशारी एकाच खोलीत राहत नाही.” त्यांनी खिशातून पेन काढलं आणि चौदावर गोल केला. “मागच्या खेपेला हीच यादी वाचली होती का?”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कसोटीच्या कागदांचं पाकीट उघडून बघितलं. “हो. तेव्हा अर्धवट राहिलं होतं, म्हणून... यादी बदलायला हवी होती. चूक माझी.”

“तुमची चूक यादीपुरती. आठवड्यापूर्वीचे शब्द याला आपोआप आठवत नाहीत, हे बाकीचे तीन आकडे सांगतात. कोणीतरी घोटून घेतलेत. तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. हेच तर भयंकर होतं. त्यांनी कॉपी पकडली होती, पण ती आपण केलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र दुकानातलं आठवलं, पूल, साबण, विहीर, टोपी. मी मान वळवून आईकडे बघितलं. ती कुंडीतल्या रोपाकडे बघत होती, वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी.

“मी होते,” आई म्हणाली. “मीच घोटून घेतले. रोज सकाळ-संध्याकाळ, सूर लावून.”

माझं डोकंच फिरलं. “आई! अगं पोर बसते त्या गाडीत! ही काय तुझी दुसरीची परीक्षा आहे? उद्या कुठे काही झालं असतं तर कुणाचा शंभर टक्के निकाल लागला असता?” मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरची परिचारिका दार उघडून बघून गेली.

आई रडायला लागली. “मला कळतं गं सगळं. पण गाडी गेली, खारूला आणायचं गेलं, म्हणजे यांचं उरलं काय? दिवसभर खिडकीत बसवू यांना? शर्ट कशासाठी बदलतील हे? मला नाही बघवणार ते. मला नाही बघवणार.”

मला तिचा राग येत होता आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. बाबा म्हणाले, “ओरडू नकोस तिच्यावर. तिला आजवर एकाही पोराला नापास करता आलं नाही. मी तर तिचा सगळ्यात जुना विद्यार्थी.” मग त्यांनी आपली खुर्ची आईच्या खुर्चीजवळ ओढली. “अगं, मी कधी कुणाची कॉपी चालू दिली का?”

आईने मान हलवली, नाही.

“भाच्याची?”

“नाही.”

“मग माझी कशी चालू देईन? आत्या काय म्हणेल?”

आई रडता रडता हसली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि कपाटातून दुसरी यादी काढली.

आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मी आईशी बोलत नव्हते, पण तिचा हात धरून ठेवला होता. तिला एवढंच म्हटलं, “पुन्हा कधी असं करायचं नाही. त्यांना पास करायचं नाही. शपथ घे.” तिने माझ्या हाताला हात लावून शपथ घेतली. दारापलीकडून शब्द वाचल्याचा आवाज येत होता, नेमके शब्द कळत नव्हते. आई तरी कान देत होती. जित्याची खोड!

या वेळी पंधरापैकी दोन आले.

डॉक्टरीणबाई आकडा सांगायला कचरत होत्या, तेव्हा बाबांनीच कागद मागितला. पेन घेतलं आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं. दोन उणे आठ, उणे सहा. भागिले अडीच, उणे दोन पूर्णांक चार. मग म्हणाले, “हजारात आठच. फक्त या टोकाचे.” आणि मला म्हणाले, “वक्र दोन्हीकडे सारखाच असतो, पाहिलंस? म्हणून कोष्टक अर्धंच छापलं तरी चालतं.”

“सर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “याचा अर्थ...”

“याचा अर्थ मी रांगेत कुठे उभा आहे, एवढाच. का उभा आहे, ते तुम्ही शोधा. तुमचं काम ते.” त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि लहानपणी शेंगदाणे देऊन मिटवायचे तशी माझी मूठ मिटवली. “खारूला आजपासून तू आण. इतक्या खालच्या टोकाच्या माणसाच्या गाडीत मी माझी नात बसवली नसती.”

आपल्याच पेपराला गोल करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण हे सगळं ते दुसऱ्या दिवशी विसरले. शाळा सुटायची वेळ झाली तशी शर्ट बदलून, केस नीट करून दुकानात आले आणि म्हणाले, “किल्ली दे. उशीर होतोय.”

वरून त्यांच्या मागोमाग आई उतरली होती. मला वाटलं, आता ही काहीतरी थाप मारणार, गाडी दुरुस्तीला दिलीय वगैरे. पण ती म्हणाली, “तुमची कसोटी झाली. पंधरापैकी दोन आले. सरासरी आठ. विचलन अडीच.” एवढंच. पुढचं ती बोलली नाही.

बाबांनी समोरच्या खोक्याचं झाकण ओढून घेतलं. दोन उणे आठ, उणे सहा. भागिले अडीच. “उणे दोन पूर्णांक चार,” ते म्हणाले. मग वर बघितलं, छताजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात, जिथे त्यांचं कोष्टक असतं. “हजारात आठ. मग नको. अशा माणसाला गाडी देऊ नका. कोण आहे हा?”

“तुम्ही,” आई म्हणाली.

मग स्टुलावर बसून त्यांनी जोड जुळवायला घेतले.

त्यानंतर हे रोजचंच झालं. रोज शर्ट, रोज किल्ली, रोज आई तेच तीन आकडे सांगायची, आणि रोज ते नव्याने गणित सोडवून स्वतःला नापास करायचे. मी आईला म्हटलं, अगं का छळतेस, सरळ सांग ना गाडी विकली म्हणून. ती म्हणाली, “तुझ्या हातावर शपथ घेतलीय. आणि खोटं सांगितलं तर ते माझ्यावर चिडतात. गणितावर नाही चिडत.” आईने बरोबर ओळखलं होतं. उत्तर त्यांचं स्वतःचं असायचं, म्हणून त्यांना ते पचायचं. माळ्यावर झाकणांची चळत साचली, प्रत्येकावर तेच गणित. गिऱ्हाइकाला खोकं देताना कधी कधी मी चुकून तसलं झाकण लावून द्यायचे.

इतर गोष्टी जात राहिल्या. आधी आत्याचं नाव गेलं. मग डावा-उजवा. मी गुपचूप जोड पुन्हा लावून ठेवायचे. कोष्टक मात्र जागच्या जागी होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. आईला ताप होता तेव्हा मी आकडे सांगितले, खारूनेही एकदा सांगितले. उत्तर कधी बदललं नाही.

मग तो दिवस आला. आईने तीन आकडे सांगितले, बाबांनी झाकण घेतलं आणि लिहिलं, आठ उणे दोन. सहा. भागिले अडीच.

“दोन पूर्णांक चार,” ते म्हणाले.

मी हातातला बूट खाली ठेवला. त्यांनी छताच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. किती दिवसांनी पाहिला होता तो चेहरा! “अरे वा! याच्या वर हजारात आठच जण. कोण आहे हा?”

आईने माझ्याकडे बघितलं. बाबांच्या हातून वजाबाकी उलटी झाली होती. आयुष्यभर त्यांनी पोरांना हेच बजावलं होतं की आधी आपला आकडा, मग सरासरी, उलटं केलंत तर तळाचा माणूस शिखरावर जाऊन बसेल. आईने ओठ मिटून घेतले. तिने शपथ घेतली होती, आणि ती घ्यायला लावणारी मी होते.

“तुम्ही, बाबा,” मी म्हटलं.

“बरोबर आलंय ना? तपासून बघ.”

मी झाकण हातात घेतलं. वरून खालपर्यंत तपासल्यासारखं केलं. त्यांचंच पेन घेतलं आणि उत्तराखाली बरोबरची मोठी खूण केली. “पूर्ण मार्क,” मी म्हटलं. आई तोंड फिरवून बुटांच्या फळीकडे बघत उभी राहिली.

“मग किल्ली दे. उशीर होतोय.”

“वा! हजारात आठातला माणूस आणि गाडी स्वतः चालवणार? लोक काय म्हणतील? आजपासून तुम्हाला ड्रायव्हर. चला, शेजारी बसा.”

त्यांना ते पटलं. ऐटीत बसले. पट्टा मी लावला. पहिल्या सिग्नलला पैज लावली आणि हरले, आणि माझ्यासाठी खिशात शेंगदाणे शोधायला लागले. खिसा रिकामा होता. मी म्हटलं, उधारी राहू द्या. शाळेच्या अलीकडच्या चौकात आलो तेव्हा ते एकदम पुढे वाकले. “उजवीकडे घे, उजवीकडे. पोरगी फाटकाशी वाट बघत असेल. घाबरट आहे, रडत बसेल.”

उजवीकडे माझी शाळा होती.

“ती आलीय, बाबा,” मी म्हटलं. “केव्हाच गाडीत बसलीय.”

“हो का?” ते म्हणाले. “मग ठीक.” आणि मागे टेकून बसले. सिग्नल सुटल्यावर मी डावीकडे वळले, खारूला घ्यायला.